गाडी आतून नव्याने करायची आहे, स्वतःच्या हाताने. सुरुवात कुठून करू?

अर्धा पाना

नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, इंजिन आणि गिअर ठणठणीत, पत्रा बरा. पण दार उघडून आत बसलं की मन खट्टू होतं. डॅशबोर्डच्या कडा आणि दारांची हँडलं ऊन तापलं की हाताला चिकटतात, बोट फिरवलं की काळं निघतं. छताचं कापड मागच्या बाजूने सुटून लोंबतंय, आरशातून मागची काच अर्धीच दिसते. चालकाच्या सीटची बाहेरची कड, जिच्यावरून आपण चढता-उतरताना घसरतो, तिथला रंग पार उडालाय. आणि मधल्या कन्सोलवरची ती चकचकीत काळी पट्टी! उन्हात तिच्यावर ओरखड्यांचं जाळं दिसतं.

हे सगळं बाहेर देऊन करून घेता येईल, पण मला स्वतः करायचंय. गाडी माझी आहे, तिच्या आत काय कुठे कसं बसवलंय ते मला कळायला हवं. तीन प्रश्न आहेत. सुरुवात कुठून करावी? कशाला अजिबात हात लावू नये? आणि प्लास्टिक रंगवावं की त्यावर व्हिनाइल रॅप (चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा) लावावं? माझा कल रंगाकडे आहे. डॅशबोर्ड चामड्याने मढवायचंही डोक्यात आहे. अनुभवी लोकांनी लिहावं.

सुईदोरा

छतापासून. वरून पडणारा भुगा आणि गोंदाचे कण खाली नव्याने रंगवलेल्या भागांवर पडायला नकोत. शिवाय छत काढायचं तर काचांमधल्या, छत पेलणाऱ्या खांबांवरची प्लास्टिक कव्हरं, हातधरणी, सावलीच्या झडपा, दिवे असं निम्मं काम सुटतंच. तपशिलात नंतर लिहिते.

रसायनी

चिकटपणाबद्दल आधी लिहितो, कारण त्याचं कारण कळलं की उपाय आपोआप कळतो.

ते प्लास्टिक चिकट झालेलं नाही. प्लास्टिकवर कारखान्यात एक मऊ स्पर्शाचा पातळ लेप दिलेला असतो, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. हवेतली आर्द्रता आणि उष्णता मिळून वर्षानुवर्षं त्या लेपाच्या साखळ्या तोडत राहतात. याला जलविघटन म्हणतात. साखळ्या तुटल्या की लेप मऊ पडतो, मग चिकट होतो. म्हणून साबणाने कितीही धुतलं तरी चार दिवसांनी परत तेच. पावडर लावून चिकटपणा दाबायचा सल्ला फिरत असतो, त्यानेही काही साधत नाही. लेप मेलाय, तो काढायलाच हवा.

काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. सुती फडकं भिजवा, भागावर अर्धा मिनिट ठेवा, लेप सुरकुतला की एकाच दिशेने पुसून घ्या. फडकं काळं झालं की लगेच बदला, नाहीतर तोच चिखल परत पसरतो. खाचांमध्ये जुना टूथब्रश. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, खालचं प्लास्टिक एबीएस (कडक प्लास्टिकचा एक प्रकार) असेल तर ॲसिटोन ते विरघळवतं. आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून बघा. बटणांवरची चिन्हं पुष्कळदा लेपावर छापलेली असतात, तिथे बेताने.

आणि मीटरवरच्या पारदर्शक झाकणाला यातलं काहीही लावू नका. ते पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकचं असतं आणि द्रावकांनी त्यात बारीक तडे जातात. तिथे ओलं मऊ फडकं, बस्स.

खटका

रसायनी यांना अनुमोदन. हँडलांवरचा लेप असाच काढला. खाली मूळ प्लास्टिक इतकं नीट निघालं की रंगवावंसं वाटलंच नाही.

निळी वायर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो आणि जरा लांब देतो. गाडीच्या आतल्या कामात एअरबॅग कुठे कुठे आहेत हे आधी शोधा, मगच पहिला खटका (भाग धरून ठेवणारी क्लिप) उचका. स्टिअरिंगच्या मध्ये आणि शेजारच्या प्रवाशासमोर डॅशबोर्डमध्ये असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत असू शकते, छताच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी असू शकते, काही गाड्यांत गुडघ्यांजवळही असते. जिथे एअरबॅग असते तिथे प्लास्टिकवर किंवा सीटच्या कडेला तसा शिक्का किंवा कापडी पट्टी असते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत नकाशा असतो, तो बघा.

कामाआधी बॅटरीची ऋण तार काढा आणि पुस्तिकेत दिलाय तितका वेळ थांबा. एअरबॅगच्या नियंत्रकात कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून त्यात ऊर्जा साठवलेली असते. ती उतरायला वेळ लागतो. एअरबॅगच्या सर्किटचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. पिवळा दिसला की हात मागे. सीट बाहेर काढताना तो सोडवावाच लागला, तर तो परत जोडेपर्यंत बॅटरी जोडू नका आणि किल्ली फिरवू नका. नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बिघाडाची नोंद पुसायला यंत्र लागतं.

स्टिअरिंगवरची बॅग काढायचं काम घरचं नाही. ते शिकलेल्या माणसाकडेच.

आता डॅशबोर्ड मढवण्याबद्दल. शेजारच्या प्रवाशासमोर झाकण दिसत नाही अशा पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डची कातडी मागच्या बाजूने लेझरने ओढून कमकुवत केलेली असते. बॅग फुगते तेव्हा कातडी त्याच रेषेवर फाटते, आणि हे सगळं काही शतांश सेकंदांत होतं. त्यावर चामडं ताणून चिकटवलं तर ती रेषा फाटायला उशीर होईल किंवा भलतीकडे फाटेल. बॅग वाकडी उघडली तर समोरच्या माणसाचं काय होईल याचा विचार करा. तो भाग मढवू नका.

भटका

निळी वायर, माहिती चांगली आहे, पण जरा घाबरवताय असं वाटतं. मढवलेले डॅशबोर्ड रस्त्यावर ढिगाने दिसतात. कितीतरी ठिकाणी सर्रास करून देतात.

निळी वायर

भटका, सर्रास करतात हे खरं. पण मढवलेल्या डॅशबोर्डखालची बॅग नीट उघडते की नाही हे फक्त अपघातातच कळतं. कारखान्यातून चामड्याने मढवलेले डॅशबोर्ड येतात, त्यांत बॅगच्या जागेचं चामडंही मागून कापून पातळ केलेलं असतं किंवा तिथली शिवण मुद्दाम तुटेल अशा दोऱ्याने घातलेली असते, आणि तो अख्खा डॅशबोर्ड बॅग उडवून तपासलेला असतो. ती चाचणी आपण घरी करू शकत नाही. बाकी डॅशबोर्ड रंगवा, दारं मढवा, कन्सोल मढवा, माझी काही हरकत नाही. त्या एका भागापुरता मी हट्टी आहे.

अर्धा पाना

पटलं. डॅशबोर्डचं चामडं रद्द. दारांच्या मधल्या कापडी भागापुरतं ठेवतो. आता प्लास्टिक रंगवण्याबद्दल सांगा कुणीतरी.

रंगपेटी

माझा आवडता विषय! आतलं प्लास्टिक रंगवण्यात रंग मारणं हा सर्वांत छोटा भाग. सगळा वेळ साफसफाईत जातो आणि तो जायलाच हवा.

जुन्या गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर वर्षानुवर्षं चकाकीचे स्प्रे मारलेले असतात. त्यातलं सिलिकॉन प्लास्टिकच्या दाण्यात बसतं. त्यावर रंग मारला की रंग मधूनच मागे सरतो आणि बारीक गोल खड्डे उरतात, पेंटर त्याला फिश आय म्हणतात. म्हणून भाग गाडीतून काढून आधी भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने धुवायचा, वाळवायचा, मग मेण आणि ग्रीस काढणारं द्रावण लावून दोन फडक्यांनी पुसायचं, एक ओलं आणि लगेच मागून एक कोरडं. कोरडं मागून फिरलं नाही तर विरघळलेलं ग्रीस तिथेच परत बसतं. हे सगळं घासण्याच्या आधी. आधी घासलं तर सिलिकॉन कागदाने ओरखड्यांत आणखी रुतवलं जातं.

पाणी टाकून बघा. थेंब थेंब होऊन पळालं तर अजून घाण आहे. पातळ पापुद्रा होऊन सगळीकडे पसरलं तर बऱ्यापैकी झालंय.

घासताना दाणेदार प्लास्टिकवर पॉलिश पेपर नको, दाणे झिजून चट्टे पडतात. राखाडी रंगाचं बारीक नायलॉन पॅड घ्या. गुळगुळीत भागाला 400 आणि मग 600 नंबरचा पेपर, पाणी लावून. ओरखडे खोल असतील तर 320 पासून.

मग चिकटवणारा पारदर्शक हात, म्हणजे प्लास्टिकचा ॲडहेजन प्रमोटर. आणि तो ओलसर असतानाच, डब्यावर दिलेल्या वेळेत, रंगाचा पहिला हात. डबा वीस ते तीस सेंटिमीटरवर धरा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच संपवा. पहिला हात इतका विरळ की खालचा रंग दिसला पाहिजे. धीर धरा. तीन-चार विरळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी टिकतात, आणि प्लास्टिकचे दाणेही बुजत नाहीत. दाणे बुजले की भाग खेळण्यातला दिसायला लागतो.

चौकस

हा प्रमोटर लागतोच का? मी नुसता प्रायमर मारून रंगवलेले भाग पाहिलेत, चांगले आहेत.

रसायनी

ते एबीएसचे असतील. चौकस, भागाची पाठ बघा. बाणांसारख्या दोन खुणांमध्ये अक्षरं छापलेली असतात: एबीएस, पीपी, पीसी आणि एबीएसचं मिश्रण, असं. पुढे टी आणि 20 असलं तर त्यात वीस टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड मिसळलेली आहे.

एबीएसवर रंग आनंदाने बसतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन मात्र कशालाच चिकटू देत नाही. त्याची पृष्ठऊर्जा कमी, साधारण मीटरला 30 मिलिन्यूटन, म्हणून रंग त्यावर पसरतच नाही. प्रमोटरमध्ये क्लोरिन जोडलेली पॉलिओलेफिनं असतात. त्यांचा एक भाग पीपीशी जुळतो आणि दुसरा रंगाशी. दारांचे खालचे भाग, खांबांची कव्हरं, डिकीतली पॅनलं पुष्कळदा पीपीची असतात, आणि बुटांचे फटके बसणारीही तीच. नुसता प्रायमर मारलात तर नखाने सालं निघतात.

खूण सापडली नाही तर भागाचा एखादा तुटका तुकडा पाण्यात टाका असं सांगतात. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क भरलेलं पीपी पाण्याहून किंचित जड होऊ शकतं, तेव्हा बुडाला म्हणजे एबीएसच असं धरून चालू नका. शंका असेल तर प्रमोटर लावा. त्याने नुकसान होत नाही.

चौकस

आत्ता कळलं. याच तत्त्वावर तुटलेले खटके ॲसिटोनने जोडता येतील का?

रसायनी

एबीएसचे, हो. एबीएसचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट लगदा करा, तो भेगेत भरा, दिवसभर वाळू द्या. मूळ प्लास्टिकशी एकजीव होतो. पीपीवर ॲसिटोनचा काही परिणाम नाही, तिथे पीपीचीच काडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं.

टपोरी बोल्ट

खटके जोडण्याआधी खटके न तोडण्याबद्दल बोला की! लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका. नायलॉनच्या चपट्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. थंड हवेत प्लास्टिक ठिसूळ असतं, गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग काम करा. आणि भाग सहज येत नसेल तर कुठेतरी झाकणाखाली लपलेला स्क्रू राहिलाय, दर वेळी. हँडलच्या आतल्या वाटीत, खिशाच्या तळाशी, दिव्याच्या भिंगामागे. खटके मोडतात ते स्क्रू शोधायचे राहतात म्हणून.

प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढण्याआधी फोटो. वायरींच्या जोडांचे तर जवळून फोटो.

गुळगुळीत

रॅपच्या बाजूने कुणीच बोललं नाही, म्हणून मी. कन्सोलवरच्या त्या चकचकीत काळ्या पट्टीला रॅपच योग्य. सपाट किंवा हलका उतार असलेला, दाणे नसलेला भाग. रॅप दाणेदार प्लास्टिकवर धरत नाही, तिथे रंगच, हे कबूल. पण पट्टीवर रॅप बिघडला तर सोलून नवा लावता येतो. रंग बिघडला की परत घासण्यापासून.

कॅलेंडर केलेलं स्वस्तातलं व्हिनाइल घेऊ नका, कास्ट म्हणजे ओतून बनवलेलं घ्या. कॅलेंडर केलेलं दाबून लाटलेलं असतं, त्यात ताण राहतो आणि ते कडेने आकसतं. कडा वळवून मागे किमान एक सेंटिमीटर न्या, मग हीट गनने कडा आणि वळणं तापवा. कास्ट व्हिनाइलला नव्वद अंशांच्या वर तापवल्याशिवाय त्याची जुन्या आकाराची आठवण पुसली जात नाही, आणि ते उन्हात परत उचलतं. पट्टी गाडीतून काढूनच लावा. जागेवर लावून कटरने कापलं की कटर खालच्या प्लास्टिकवर कायमची रेघ ठेवतो.

रंगपेटी

गुळगुळीत, पट्टीपुरतं तुमचं बरोबर. मात्र परत चकचकीत काळा रॅप नको. तोही तसाच ओरखडतो आणि बोटांचे ठसे धरतो. मॅट किंवा घासलेल्या धातूसारखा घ्या.

आणि हे डॅशबोर्डलाही लागू. वरचा भाग गडद आणि मॅटच हवा, ही निव्वळ आवडीनिवडीची गोष्ट नाही. फिकट किंवा चमकदार डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि उन्हात रस्त्यावर धुरकट पडदा आल्यासारखं दिसतं. मी घेतलेल्या एका जुन्या गाडीत आधीच्या मालकाने डॅशबोर्ड चमकदार फिकट रंगात रंगवला होता. सूर्य समोर असला की पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे दिसायला त्रास व्हायचा. पहिलं काम तो भाग गडद मॅट करायचं केलं. फिकट रंगाची हौस कंबरेखालच्या भागात भागवा, दारांचे खालचे भाग, कन्सोलच्या बाजू.

भटका

हे मात्र पटलं, आणि यात चाचणीसाठी अपघाताची वाट बघायची गरज नाही :)

सुईदोरा

आले. छताबद्दल सविस्तर लिहिते.

कापड लोंबतं तेव्हा लोक म्हणतात गोंद सुटला. तो सुटलेला नसतो. कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो, तो फोम कुजून त्याची भुकटी होते. गोंद अजून छताच्या आतल्या फळीला धरून आहे, कापड फोमला धरून आहे, मधला फोमच संपलाय. म्हणून सुईने गोंद टोचणं, टाचण्या लावणं, कडेने स्प्रे मारणं हे काही दिवसांचे खेळ. कापडावर गोंदाचे डाग उमटतात आणि मग ते वाया जातं ते वेगळंच.

आख्खी फळी बाहेर काढा. ती दाबलेल्या तंतूंची हलकी फळी असते, मधोमध दुमडली की मोडते, म्हणून दोघांनी धरा आणि मागच्या दारातून तिरपी काढा. पडदा एअरबॅग असेल तर निळी वायर यांनी सांगितलेलं सगळं आधी. जुनं कापड सोला. फळीवर राहिलेला नारिंगी भुगा मऊ नायलॉन ब्रशने झाडा. इथे तोंडावर मास्क हवाच, तो भुगा खूप बारीक असतो. तळहात फिरवून बघा. हाताला काही लागलं नाही की मगच पुढे. भुगा राहिला तर नवा गोंद भुग्याला चिकटतो, फळीला नाही.

कापड छतासाठीचंच घ्या, पाठीला तीन मिलिमीटरचा फोम असलेलं. साध्या कापडातून गोंद वर येतो आणि फळीची प्रत्येक खोच दिसते. गोंद छतासाठीचा, जास्त उष्णता सोसणारा. उभ्या गाडीत छताखाली तापमान खूप चढतं, साधा स्प्रे गोंद तिथे परत मऊ होतो.

फळीवर कापड पसरा, अर्धं मागे दुमडा. फळीला आणि कापडाच्या फोमच्या बाजूला, दोन्हीकडे गोंद मारा, आणि आता हात आवरा. बोट लावलं की चिकटावं पण बोटाला गोंद येऊ नये, इतकं वाळू द्यायचं. मग मधून कडेकडे तळहाताने बसवत या. ताणू नका. खोलगट भागांत कापड आधी खोचेत बसवायचं, मग बाहेर. ताणून बसवलं की खोचेवर पूल तयार होतो आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथूनच उचलतं. मग दुसरं अर्धं. कडा मागे वळवून चिकटवा, दिव्यांची आणि झडपांची भोकं शेवटी, ताऱ्याच्या आकारात काप देऊन.

खटका

"हात आवरा" हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावायला हवं.

जुनी खोगीर

सीटबद्दल कुणी लिहिलेलं नाही. रंग उडालेली कड रंगवता येते आणि चांगली टिकते, पण आधी ते चामडं आहे की रेक्झिन ते बघा. पुष्कळ गाड्यांत बसायचा मधला भाग चामड्याचा आणि बाजू, पाठ रेक्झिनची असते.

गाडीतलं चामडं बहुतेक वेळा रंगद्रव्याचा थर दिलेलं असतं. थेंब टाकला तर पाणी वर राहतं. लगेच शोषलं गेलं तर एकतर थर झिजलाय किंवा ते बिनथराचं ॲनिलिन चामडं आहे, ते नवख्याने रंगवू नये. थर असलेल्या चामड्याची रीत अशी: चामड्याच्या क्लीनरने आणि मऊ ब्रशने फेस काढून साफ, मग अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढायचा, 600 च्या पेपरने अलगद घासून कडेचे पापुद्रे सपाट करायचे. भेगा असतील तर चामड्याचा लवचीक फिलर चाकूने पातळ भरा, वाळला की घासा, परत भरा. पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) चालणार नाही, ती वाकत नाही, तडकते. मग पाण्यातला चामड्याचा रंग स्पंजने थोपटून, विरळ, अनेक हात. शेवटी वरचा संरक्षक हात, मॅट. तो विसरलात तर रंग कपड्यांना लागतो.

रंग जुळवताना सीटच्या पाठीमागचा किंवा खालचा उन्हाने न उडालेला भाग घेऊ नका. बाकीची सीट आता जी छटा धरून आहे ती जुळवायची. दिवसाच्या उजेडात बघा. बल्बखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसते.

भटका

मी म्हणतो सीट रंगवण्यात एवढा वेळ घालवण्यापेक्षा चांगलं कव्हर शिवून घ्या. फाटलं की बदला.

सुईदोरा

भटका, शिवण माझं काम, तरी मी इथे जुनी खोगीर यांच्या बाजूने आहे. सीटमध्ये एअरबॅग असेल तर तिथली कारखान्याची शिवण मुद्दाम सुटणारी असते. साधं कव्हर त्यावर घट्ट बसवलं की ती शिवण सुटूनही बॅग कव्हरात अडकते. त्या बाजूला खुली जागा किंवा तशीच शिवण ठेवलेली कव्हरं असतात, घ्यायची तर तीच. आणि फक्त कड झिजली असेल तर अख्खी सीट झाकायची कशाला? फोम बसला असेल तर गोष्ट वेगळी, मग आतून काम हवं. त्यातही शेजारच्या सीटच्या फोमखाली माणूस बसलाय का ते ओळखणारा सेन्सर असू शकतो, तो फोम बदलू नका.

निळी वायर

+१. आणि पट्टे. सीट बेल्टचे पट्टे रंगवू नका, ब्लीच लावू नका. रसायनांनी धागा कमकुवत होतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, पट्टा पूर्ण बाहेर ओढून वाळेपर्यंत आत सोडायचा नाही.

आवाजबंद

अवांतर होईल, पण दारांची पॅनलं काढणारच आहात तर पत्र्याला आवाज मारणारी ब्युटिलची (एक प्रकारचं चिकट रबर) शीट लावून घ्या. अख्खा पत्रा झाकायची गरज नाही. पत्र्यावर टिचकी मारा, जिथे डब्यासारखा वाजतो त्या मधल्या सपाट भागावर साधारण पाव क्षेत्रफळ झाकलं तरी कंपनं बसतात. रोलरने घट्ट दाबा. डांबरी शीट नको, ती उन्हात वास सोडते आणि घसरते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथूनच जातं, ती बुजली की दार आतून गंजतं. पॅनलमागचा प्लास्टिकचा कागदही परत नीट चिकटवा, तो पाणी अडवतो.

चौकस

याच ओघात विचारतो. घरात उरलेलं पडद्याचं कापड दारांना लावायला काय हरकत?

रसायनी

आगीची. गाडीच्या आतल्या कापड-फोमवर ज्वलनाचे नियम असतात. अमेरिकेचा 302 क्रमांकाचा मानक 1972 पासून लागू आहे. आडव्या तुकड्याला पंधरा सेकंद ज्योत लावतात, आणि जळत पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. इतर देशांतले नियमही याच धर्तीचे आहेत. घरचं कापड या कसोटीला उतरतं की नाही कुणालाच माहीत नसतं. गाडीसाठी बनवलेलं कापड आणि फोम घ्या. शिवाय घरचं कापड उन्हात फार लवकर विटतं.

रंगपेटी

सुरक्षेचं चाललंच आहे तर श्वासाचंही. स्प्रे कॅन वापरताना सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क हवा, कापडी नाही. गाडीच्या आत बसून फवारू नका, भाग काढून उघड्यावर. आणि दोन घटकांचे, हार्डनर मिसळायचे रंग घरी नको. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, फुप्फुसांना त्यांची कायमची ॲलर्जी होऊ शकते. आतल्या कामाला एका घटकाचा रंग पुरतो.

रंगवलेले भाग हाताला कोरडे लागले तरी आत पक्के व्हायला काही दिवस लागतात. लगेच बसवले तर खटक्यांच्या जागी रंग खरवडतो आणि गाडी बंद असली की वाफ काचेवर बसते.

अर्धा पाना

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. आता क्रम असा धरतोय, चूक असेल तर सांगा. बॅटरी काढून थांबणं, खांबांची कव्हरं आणि छत बाहेर, छताचं कापड. छत बाहेर असतानाच दारांची पॅनलं काढून ब्युटिल. काढलेले सगळे भाग धुणं, चिकट लेप काढणं, पाठीची अक्षरं बघून एबीएस आणि पीपी वेगळे करणं, मग रंग. रंग पक्का होत असताना सीटची कड. शेवटी कन्सोलच्या पट्टीला रॅप.

एकच शंका. खांबांची कव्हरं छताच्याच कापडाने मढवावीत असं मनात आहे. मागच्या खांबांना एअरबॅगचा शिक्का नाही, पुढच्यांना आहे.

सुईदोरा

मागची खुशाल मढवा, कापड त्याच गठ्ठ्यातलं घ्या, दुसऱ्या गठ्ठ्याची छटा हटकून वेगळी निघते. पुढच्यांवर कापड चिकटवू नका, बॅग उघडताना ते कव्हर ठरल्या पद्धतीने बाजूला व्हावं लागतं. कव्हराच्या कडेला जाडी वाढली की रबराच्या पट्टीत ते नीट बसतही नाही.

रंगपेटी

पुढच्या कव्हरांवर छताच्या छटेचा विरळ मॅट रंग मारा, जाडी वाढत नाही आणि दोन्ही जुळतात. शिक्क्यावर मास्किंग टेप लावा, तो वाचता आला पाहिजे. क्रम बरोबर आहे, फक्त सीट गाडीबाहेर काढून रंगवणार असाल तर ती छताच्याही आधी काढा. फळी बाहेर काढायला जागा होते.

निळी वायर

आणि सीट परत बसवताना तिचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराचं माप) आवळा. टॉर्कचा पाना नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. अर्धा पाना पुरणार नाही :)

अर्धा पाना

पूर्ण पाना मिळालाय शेजाऱ्यांकडून. सीट बाहेर आली, छताचे खटके एकही न मोडता सुटले. टपोरी बोल्ट म्हणाले तसं एक स्क्रू मागच्या दिव्याच्या भिंगामागे होता. फळीवरचा भुगा झाडायला घेतलाय. वाऱ्याची दिशा बघून मास्क लावून बाहेर बसलोय. गोंद उद्या.